फ्रीजरमधून किर्रकिर्र आवाज: फॅन मोटर घरी बदलता येईल का?

गोडोलीची, सातारा

नमस्कार मंडळी. फ्रिज २६० लिटरचा, दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री. वर फ्रीजर, खाली फ्रिज. साधा कॉम्प्रेसर आहे, इन्व्हर्टर नाही. घेऊन नऊ वर्षं होत आली. गेल्या काही दिवसांपासून वरच्या कप्प्यातून किर्रर्र असा बारीक, कानात जाणारा आवाज येतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की तोही सुरू होतो, बंद झाला की थांबतो. फ्रीजरचं दार उघडलं की लगेच बंद, लावलं की पुन्हा चालू. बर्फ व्यवस्थित जमतो, पण खालच्या कप्प्यातलं दूध पूर्वीइतकं गार राहत नाही.

मेकॅनिक येऊन गेले. आवाज ऐकून "फॅन मोटर गेली, मोटर धरून २२०० रुपये" म्हणाले. आतलं कव्हर काही उघडून बघितलं नाही. मोटर घरी बदलता येते का? मोटर घेताना काय काय जुळवावं लागतं? तेलाचा थेंब सोडून भागेल का? मल्टीमीटर वापरता येतो, घरातले स्विचबोर्ड मीच दुरुस्त करते. त्यामुळे उत्तर सविस्तर दिलंत तरी चालेल.

कुपवाडकर, सांगली

ताई, दार उघडल्यावर आवाज थांबतो ही खूण महत्त्वाची आहे. दार उघडल्यावर कॉम्प्रेसर बंद होत नाही, बंद होतो तो फक्त फ्रीजरमधला फॅन. म्हणजे आवाज खालून-मागून येत नाही, तो पंख्याचाच. खात्री करायची असेल तर दार उघडं ठेवून चौकटीतलं फॅनचं बटण बोटाने दाबा. दिव्याचं आणि फॅनचं बटण काही मॉडेलमध्ये वेगवेगळं असतं. पंखा फिरायला लागेल आणि आवाज थेट ऐकू येईल. नवीन मॉडेलमध्ये बटणाऐवजी चुंबकाचा स्विच असतो, तिथे दारातल्या चुंबकाच्या जागी छोटा चुंबक धरावा लागतो.

आता आवाज कसला आहे ते नीट ऐका. किर्रर्र किंवा चीं-चीं असा एकसारखा बारीक आवाज, तोही थंड असताना जास्त, म्हणजे मोटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची बाही) कोरडा पडलाय. खर्र-खर्र असा तालात येणारा, दिवसागणिक वाढणारा आणि फ्रिज रात्रभर बंद ठेवला की काही दिवस गायब होणारा आवाज म्हणजे पाती बर्फाला घासतेय. तिथे मोटर बदलून उपयोग नाही. तिसरा प्रकार घुमणाऱ्या आवाजाचा. फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकवर तळहात दाबला की तो कमी-जास्त होतो. तो मोटरखालच्या रबरांचा.

तुमच्या वर्णनावरून बुशच वाटतो. पण दुधाचं तुम्ही जे सांगितलंत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अशा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल (गार करणारी नळ्यांची जाळी) नसते. वर कॉइल गार होते आणि पंखा तिथली हवा डक्टमधून, म्हणजे हवेच्या वाटेतून, खाली ढकलतो. हवा कमी पडली की फटका आधी खालच्या कप्प्याला बसतो, फ्रीजरमध्ये बर्फ मात्र जमत राहतो. हवा दोन कारणांनी कमी पडते: पंखा हळू फिरतोय, किंवा कॉइलमध्ये बर्फ साचून वाट बंद झालीय. कव्हर उघडल्याशिवाय यातलं कुठलं ते कळत नाही. म्हणून मोटर आत्ताच घेऊ नका. आधी उघडून बघा, लेबलचा फोटो काढा, मग दुकानात जा.

मेणवलीकर, वाई

कव्हर उघडायची रीत सांगतो. घाई केली तर मोडतोड इथेच होते.

आदल्या रात्री प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लग हातात आला पाहिजे. फ्रीजर रिकामा करा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा. आठ-दहा तासांत बर्फ पाणी होतो. समोर टेबल फॅन लावला तर आणखी लवकर. आत गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं तर खाली दुमडलेला कपडा हवा, नाहीतर फ्रीजरचं प्लास्टिक वाकतं. बर्फ सुरीने, स्क्रू ड्रायव्हरने, उलथन्याने काढायचा नाही, हे अगदी ठामपणे सांगतो. कॉइलची नळी ॲल्युमिनियमची आणि पातळ असते. एक छिद्र पडलं की गॅस गेला, आणि २२०० चं काम कितीतरी पटीने महाग पडतं.

फ्रीजर खोलीइतका कोमट झाल्यावरच मागच्या कव्हरला हात लावा. थंड प्लास्टिक ठिसूळ असतं, खटक्याची जीभ पटकन तुटते. आधी बर्फाचा ट्रे आणि जाळी काढा. मागच्या कव्हरला दोन ते चार स्क्रू असतात, बऱ्याचदा ते छोट्या प्लास्टिकच्या टोप्यांखाली लपलेले असतात. टोपी पातळ पट्टीने अलगद उचला. स्क्रू निघाल्यावर कव्हर आधी खालच्या बाजूने पुढे घ्या, मग वरून सोडवा. एकदम ओढू नका. काही मॉडेलमध्ये मोटर कव्हरलाच बसवलेली असते आणि वायर मागे अडकलेली असते. कव्हर मागे हात घालता येईल इतकं पुढे आलं की थांबा, मागे हात घालून कनेक्टरची जीभ दाबून तो सोडवा. कनेक्टर धरून ओढायचं, वायर धरून नाही.

हातमोजे घाला. कॉइलच्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, आणि ओल्या हाताला कापलेलं लगेच कळतही नाही.

कव्हरच्या मागे थर्माकोलचा डक्ट आणि कडेने फोमची पट्टी असते. ती कुठे कशी बसली आहे त्याचा फोटो काढून ठेवा. परत बसवताना ही पट्टी सुटली तर गार हवा फटीतून मागच्या मागेच फिरते, आणि मोटर नवीन असूनही फ्रिज गार होत नाही.

एक गोष्ट बर्फ वितळायच्या आधी करायची आहे. मागच्या कव्हरच्या जाळीतून टॉर्च मारून कॉइल दिसते का बघा. बर्फ कुठे आणि कसा आहे हे वितळल्यावर कळणार नाही, आणि पुढचं निदान त्यावरच ठरतं.

गोडोलीची, सातारा

उघडलं. टॉर्चने जेवढं दिसलं ते असं: कॉइलच्या वरच्या भागावर पातळ पांढरं दंव, तेही सगळीकडे सारखं. खालच्या तिसऱ्या हिश्शात मात्र काचेसारखा घट्ट बर्फ, तळापर्यंत. वितळून पाणी बाहेर आलं, मागच्या ट्रेमध्ये थेंबही गेला नाही.

मोटर कव्हरलाच आहे. लेबलवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि घड्याळाच्या उलट दिशेचा बाण. दोन वायर आणि एक हिरवी अर्थ. पाती धरून हलवली तर दांडा जागेवर थोडा डुगडुगतो. चार रबरांपैकी एक तडकलंय. वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) मीटरवर व्यवस्थित दाखवतंय, ओपन म्हणजे तुटलेलं नाही. मग मोटर चांगली म्हणायची का? आणि तेलाचं कुणी सांगाल का?

कृष्णाकाठ, मिरज

वाइंडिंग ठणठणीत आणि मोटर खराब, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आवाज मीटरवर दिसत नाही. मीटरवर एवढंच बघायचं की वाइंडिंग तुटलेलं नाही आणि वायर ते मोटरची बॉडी असं मोजल्यावर काहीही दाखवत नाही. बॉडीशी जोड दाखवला तर ती मोटर चालत असली तरी फेकायची. ओलसर जागेत २३० व्होल्टची मोटर आहे, हे विसरायचं नाही. दांडा डुगडुगतोय म्हणजे बुश झिजलाय, यावर तेलाचा उपाय नाही.

तेलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा प्रयोग घरोघरी होतो. या मोटरचा बुश सच्छिद्र धातूचा असतो. कारखान्यात त्यात तेल मुरवलेलं असतं आणि तेच आयुष्यभर पुरवायचं असतं. फ्रीजरमध्ये तापमान उणे १८ च्या आसपास. खोबरेल तर २४ अंशांच्या खालीच थिजतं, ते बुशमध्ये गेलं की सुरू होतानाच मोटर अडखळणार. खायचं तेल काही दिवसांनी चिकट होतं. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर उरलंसुरलं तेल धुऊन निघतं आणि स्वतःही उडून जातो. आवाज दोन दिवस थांबतो आणि मग आधीपेक्षा मोठा येतो. ग्रीस थंडीत घट्ट होतं. शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब दांड्याच्या मुळाशी सोडला तर नवीन मोटर येईपर्यंतचे दिवस निघतात. तेही दांडा डुगडुगत नसेल तरच.

भंगारातल्या फ्रिजची मोटर काढून बसवू नका. तिचा बुश तुमच्या मोटरइतकाच जुना असतो. त्यातून आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेलं बरंच सामान नंतर जुन्या बाजारात फिरलं. बाहेरून पुसून चकाचक केलेली मोटर आतून गंजलेली आहे का, हे हातात घेऊन कळत नाही.

फ्रिजच्या मागच्या पाटीवर गॅस कोणता लिहिलाय तेही बघून ठेवा. आर-१३४ए असेल तर तो जळणारा नाही. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे जळणारा गॅस. काम करताना कॉइलला धक्का लागून फुस्स आवाज आला तर खिडक्या-दारं उघडा, गॅसची शेगडी बंद करा, कुठलंही बटण दाबू नका, ना चालू करायला ना बंद करायला, आणि फ्रिजपासून लांब व्हा. बर्फ वितळवायला शेगडी, हीट गन असलं काही वापरायचं नाही, मग गॅस कुठलाही असो.

कुपवाडकर, सांगली

ताई, तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष आहेत. आवाज बुशचा. दूध गार न राहण्याचं कारण तो तळाचा बर्फ. नुसती मोटर बदलली असती तर आवाज गेला असता आणि दूध तसंच राहिलं असतं.

कॉइल कशी दिसते त्यावरून बरंच कळतं. सगळ्या कॉइलवर कापसासारखा जाड पांढरा थर असेल तर डिफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ हीटरने आपोआप वितळणं) होतच नाहीये: हीटर, बायमेटल (थंडीत जोडला जाणारा स्विच), फ्यूज किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलंय. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे, ते घरी करायचं काम नाही. तुमच्यासारखं, वरती सारखं पातळ दंव आणि तळाला काचेसारखा बर्फ, म्हणजे डिफ्रॉस्ट होतंय, पाणी वितळतंय, पण निचऱ्याचं भोक बंद आहे. ते पाणी तिथेच पुन्हा गोठतं. खालच्या कप्प्यातून परत येणारी हवा कॉइलच्या तळाकडूनच शिरते, ती वाट बर्फाने बंद केली. मागच्या ट्रेमध्ये थेंब गेला नाही, यावरून हेच पक्कं होतं.

निचरा असा मोकळा करा. कॉइलच्या खाली मधोमध भोक असतं. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने त्यात कोमट पाणी सोडा. उकळतं नको, नळी प्लास्टिकची आहे. पाणी जात नसेल तर मऊ प्लास्टिकची बारीक नळी हळूहळू आत सरकवा. तार घालायची नाही, नळी फाटली तर पाणी इन्सुलेशनमध्ये मुरतं. मग फ्रिजच्या मागे जा. कॉम्प्रेसरवरच्या ट्रेपाशी निचऱ्याच्या नळीचं खालचं टोक असतं, त्याला बऱ्याचदा रबराचं तोंड असतं. मूळ अडथळा पुष्कळदा तिथेच सापडतो: बुरशी, धूळ आणि चिकट गाळ बसून रबराची पाकळी चिकटते. ते काढून साबणाने धुवा. शेवटी वरून कपभर पाणी ओता, सगळं ट्रेमध्ये आलं पाहिजे.

भोकाच्या वर हीटरला अडकवलेली ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची छोटी पट्टी दिसते का बघा. डिफ्रॉस्टच्या वेळी हीटरची ऊब ती भोकात नेते. ती निसटून पडली असेल तर भोक पुन्हा पुन्हा गोठत राहतं.

आता मोटर. जुनी मोटर दुकानात सोबत न्या, नुसत्या फोटोवर घेऊ नका. व्होल्टेज आणि हर्ट्झ जुळणं ही पहिली अट. दांड्याची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या. साधारण ३ मिलिमीटरच्या असतात, पण थोड्याशा फरकानेही पाती एकतर बसत नाही किंवा सैल बसते. दांड्याची लांबी, स्क्रूच्या भोकांतलं अंतर, आणि वॅट जुन्याइतकेच.

सगळ्यांत जास्त चुकते ती दिशा. या साध्या एसी मोटरची दिशा बनावटीतच ठरलेली असते. घरच्या पंप-पंख्यासारखी वायरची अदलाबदल करून ती उलटत नाही, दोन वायर कशाही जोडा, ती त्याच बाजूला फिरणार. उलट्या दिशेची मोटर बसली तर पंखा फिरतो, आवाजही नाही, आणि हवा मात्र उलटी जाते. मग फ्रिज गार होत नाही म्हणून गॅस भरायच्या गोष्टी सुरू होतात. दांड्याच्या बाजूने बघून तुमचा बाण घड्याळाच्या उलट आहे ना, तसाच नवीनवर हवा. दुकानदाराला मोटर पाती न लावता टेस्ट बोर्डवर दोन-तीन मिनिटं चालवून दाखवायला सांगा. दिशा बघा, कानाशी धरून आवाज ऐका. नवीन असूनही घरघरणारी निघते, ती तिथेच परत करा. रबराची चारही बुडं नवीन घ्या, एकच बदलू नका. जुनी आणि नवी रबरं एकत्र आली की मोटर तिरकी बसते.

मेणवलीकर, वाई

बसवण्याबद्दल. जुनी पाती काढण्याआधी ती दांड्यावर किती आत बसली आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि पातीच्या बाहेरच्या तोंडावर मार्करने खूण करा. पाती सरळ रेषेत ओढून काढायची. एका बाजूने स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली तर मधला भाग तडकतो आणि पुढे नव्या मोटरवरही पाती थरथरते. निघत नसेल तर पातीचा मधला भाग अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, प्लास्टिक सैल होतं. पाणी मोटरकडे जाऊ देऊ नका. मधल्या भागाला तडा दिसला तर पाती नवीन घ्या. चिकटवलेली पाती तोलात राहत नाही आणि नवा बुशही लवकर खाते.

नव्या दांड्यावर पाती तेवढ्याच खोलीवर दाबा. दाबताना मोटरच्या मागच्या बाजूला दांड्याच्या टोकाला आधार द्या, नाहीतर सगळा जोर बुशवर येतो. मग बोटाने फिरवून बघा: भोवतालच्या गोल कडेपासून अंतर सगळीकडे सारखं हवं, कुठेही घासता कामा नये. मोटरचे स्क्रू रबर जेमतेम दबेल इतकेच आवळा. गच्च आवळले तर रबर असून नसल्यासारखं, कंप सरळ कव्हरमध्ये उतरतो आणि नवी मोटरही घुमते.

कनेक्टर जुळला तर उत्तम. नाही जुळला तर जुना कनेक्टर तीन-चार इंच वायरसकट कापून नव्या मोटरला जोडा. जोड झाळून घ्या आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. साधी काळी टेप तिथे टिकत नाही, थंडीत आणि ओलाव्यात तिचा डिंक सुटतो. जोड वरच्या बाजूला राहील आणि वायरचा झोळ खाली लोंबेल अशी बांधा, म्हणजे पाणी ओघळून जोडात शिरत नाही. हिरवी अर्थ परत लावल्याशिवाय कव्हर बंद करायचं नाही.

एवढं उघडलंच आहे तर डिफ्रॉस्टचे भागही तपासून टाका, प्लग काढलेलाच असू द्या. हीटरचे वॅट त्याच्या लेबलवर असतात. २३० चा वर्ग म्हणजे ५२९००, त्याला वॅटने भागलं की ओहम मिळतात. १५० वॅटचा असेल तर साधारण ३५०, २०० वॅटचा असेल तर २६५ च्या आसपास. थर्मल फ्यूजने सरळ जोड दाखवला पाहिजे. फ्यूज गेला असेल तर नवीन टाका, वायरने जोडून पुढे जायचं नाही. हीटर बंदच झाला नाही तर फ्रिज वाचवणारी तेवढी एकच गोष्ट तिथे असते, आणि आजूबाजूला सगळं प्लास्टिक आणि थर्माकोल आहे.

बायमेटल बघताना एक लक्षात ठेवा. खोलीच्या तापमानाला तो ओपनच दाखवतो, म्हणून तो गेला असं समजू नका. कॉइल चांगली थंड झाल्यावरच तो जोडला जातो. तपासायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि जाड मिठाच्या मिश्रणात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग मीटर लावा. तेव्हाही ओपन असेल तर बदला. ताईंच्या फ्रिजमध्ये डिफ्रॉस्ट होतंय असं दिसतंय, त्यामुळे त्यांनी फार खोलात जायची गरज नाही.

इस्लामपूरचा

मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे म्हणून. आमचा इन्व्हर्टर फ्रिज आहे, फॅनला चार बारीक वायर आहेत. आवाज असाच येतो. याला हीच मोटर चालेल का?

कुपवाडकर, सांगली

नाही भाऊ, चुकूनही नको. तुमची डीसी मोटर आहे, साधारण १२ व्होल्टची, आणि ती पीसीबीवरून, म्हणजे फ्रिजच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवरून चालते. दोन वायर पुरवठ्याच्या, एक वेग सांगणारी आणि एक वेग ठरवणारी. तीन वायरच्या मोटरमध्ये वेग ठरवणारी वेगळी नसते. रंगांवर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक बदलतात. बोर्डवर कनेक्टरपाशी छापलेल्या खुणा आणि जुन्या मोटरचं लेबल बघून जुळवा.

या मोटरच्या आत स्वतःचं सर्किट असतं, म्हणून मीटरने वाइंडिंग मोजायला जाऊ नका, काही निष्पन्न होत नाही. तपासायचं ते कनेक्टरवर व्होल्टेज येतंय का ते. पण ते फ्रिज चालू ठेवून करावं लागतं, आणि इन्व्हर्टर बोर्डवर ३०० व्होल्टच्या पुढे डीसी असतं. प्लग काढल्यावरही ते काही वेळ कपॅसिटरमध्ये राहतं. बोर्ड उघडायची सवय नसेल तर ही पायरी माहितगारावर सोडा. नुसती मोटर बदलायला बोर्डला हात लावावा लागत नाही, पण प्लग काढून किमान पाच मिनिटं थांबा आणि मगच कनेक्टर सोडवा. चालू फ्रिजमध्ये कनेक्टर काढला-घातला तर बोर्ड जाऊ शकतो.

आणि कुठल्याही मॉडेलला चालते म्हणून विकली जाणारी दोन वायरची डीसी मोटर घेऊ नका. ती फिरते, पण बोर्डाला वेगाचा संकेत परत मिळत नाही. मग पंखा अडकलाय असं समजून बोर्ड पुरवठा तोडतो, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तोडतो. तुमच्या मॉडेल नंबरवरून मूळ मोटरच मागवा.

गोडोलीची, सातारा

मोटर, चारही रबरं बसवली. निचऱ्याच्या नळीचं रबरी तोंड खरंच गाळाने चिकटलं होतं. कपभर पाणी आता सरळ ट्रेमध्ये येतं. भोकावरची पट्टी जागेवर आहे. पंख्याचा आवाज गेला.

दोन शंका राहिल्या. हवेची दिशा बरोबर आहे हे कव्हर लावल्यावर कसं ओळखायचं? आणि मधूनच सगळं बंद होतं, मग आतून तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखं चर्र-चर्र ऐकू येतं, थोड्या वेळाने टक् आवाज होऊन पुन्हा सुरू होतं. काही चुकलंय का?

मेणवलीकर, वाई

काही चुकलेलं नाही. ते डिफ्रॉस्ट आहे. टायमर कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही बंद करतो, हीटर चालू करतो, वितळलेलं पाणी हीटरवर पडून चर्र वाजतं. टक् म्हणजे टायमर परत फिरला. मॉडेलप्रमाणे कॉम्प्रेसरच्या सहा ते बारा तासांच्या चालण्यानंतर हे होतं. आता हे ऐकू येतंय ही चांगलीच गोष्ट आहे. प्लास्टिक आकसल्याचा कट्-कट् आवाज आणि नळीतून गॅस वाहिल्याचा खळखळाटही नेहमीचाच, त्यासाठी कव्हर उघडू नका.

हवेसाठी टिश्यू पेपरची बोटभर पट्टी घ्या. दार उघडं ठेवून फॅनचं बटण दाबा आणि पट्टी मागच्या कव्हरच्या वरच्या जाळीसमोर धरा. पट्टी तुमच्याकडे उडाली पाहिजे. खालच्या फटीपाशी धरली तर आत ओढली गेली पाहिजे. उलट झालं तर मोटर उलट्या दिशेची आहे.

कृष्णाकाठ, मिरज

पहिले बारा तास फ्रीजर गच्च भरू नका, दार सारखं उघडू नका, थर्मोस्टॅट मध्यावर ठेवा. थर्मामीटर असेल तर गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बघा. उणे १८ च्या आसपास हवं. खालच्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासमध्ये बुडवून ठेवा, तिथे ३ ते ५ अंश ठीक.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मटार, आमरसाच्या पिशव्या असं सगळं साताऱ्याकडच्या फ्रीजरमध्ये ठासून भरलेलं असतं. मागच्या जाळीपासून दोन बोटं जागा मोकळी ठेवा. पिशवी जाळीला टेकली की हवा अडते, आणि दूध पुन्हा कोमट लागायला लागतं. दाराचं रबरही एकदा बघा: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर त्या जागी रबर सैल आहे. पावसाळ्यात तुमच्याकडची दमट हवा त्या फटीतून आत शिरते आणि कॉइलवर दंव होऊन बसते. रबर आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा, पुष्कळदा खाचेतली घाणच कारण असते. आकार गेला असेल तर गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने शेकून हाताने सरळ करा आणि दार दोन-तीन तास न उघडता बंद ठेवा.

महिन्याभराने मागच्या ट्रेमध्ये पाण्याची खूण दिसते का बघा. पाणी किंवा पाण्याचा डाग असेल तर निचरा चालू आहे. ट्रे ठणठणीत कोरडा आणि धुळीचा दिसला तर सिरिंज पुन्हा काढा.